हवेचा हिशोब आणि कात्रजचा जुना घाट

सहा महिन्यांपूर्वी मी माझ्या जुन्या टर्बो डिझेलला एक ट्यूनिंग बॉक्स लावला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा, दोन कनेक्टर, पंधरा मिनिटांचं काम. ऑफिसातल्या दोघांनी आधीच लावला होता आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नव्हता. म्हटलं, आपणही बघू.

पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये ब्लूटूथ डोंगल खोचला, मोबाईलवर अ‍ॅप टाकलं आणि एअरफ्लो सेन्सरचा आकडा समोर लावून बसलो. (मोड ०१, पीआयडी १०. हौशी मंडळींसाठी.) डबा लावायच्या आधी, भिलारेवाडी सोडून जुन्या घाटाला लागलं की तिसऱ्या गिअरमध्ये, २००० आरपीएमला, पाय पूर्ण दाबल्यावर सेकंदाला ४० ग्रॅम हवा दिसायची. डबा लावल्यावर काही आठवड्यांत तोच आकडा ४६ झाला. मी खूश! जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, साधं गणित आहे. ऑफिसात स्क्रीनशॉटही फिरवला.

मग एका शनिवारी केतकावळ्याला निघालो होतो. जुन्या बोगद्याच्या अलीकडे आरशात पाहिलं तर मागचा रस्ताच दिसेना. नुसता काळा धूर. घाबरून गाडी कडेला घेतली, तेवढ्यात त्या धुरातून एक स्कूटर बाहेर आली. मागे बसलेल्या बाईंनी मधल्या पोराचं तोंड ओढणीत दाबून धरलं होतं. चालवणारा काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत पुढे गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. रोज पुढच्या ट्रकच्या धुराला शिव्या घालणारा माणूस मी!

केतकावळं राहिलं. गाडी हळूहळू उतरवून कात्रज चौकाजवळच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंटरकूलरच्या होजवरून हात फिरवला आणि काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "साहेब, ऑइल बाहेर आलंय म्हणजे हवा पण बाहेर चाललीये." साबणाचं पाणी मारून रेस दिली, तर होजला क्लिपच्या खाली चांगली बोटभर चीर. तिथून फसाफसा फेस. मी मोबाईल दाखवून म्हटलं, "पण हवा तर वाढलीये ना!" ते म्हणाले, "वाढलीये की. रस्त्यावर सोडताय."

आता गंमत बघा. एअरफ्लो सेन्सर बसतो एअर फिल्टरच्या मागे आणि टर्बोच्या आधी. त्यात एक तापवलेली बारीक फिल्म असते. हवा तिला थंड करते आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागली त्यावरून हवेचं वजन कळतं. ईसीयू या वजनावरून ठरवतो की डिझेल जास्तीत जास्त किती सोडायचं. डिझेल पूर्ण जळायला कागदावर हवा-इंधनाचं प्रमाण साधारण १४.५ ला १ पुरतं. पण सिलिंडरमध्ये ते नीट मिसळायला वेळच मिळत नाही, म्हणून धूर नको असेल तर साधारण १८ ला १ च्या खाली जाऊ देत नाहीत.

माझ्या गाडीत काय झालं? टर्बोला पुढचा अडथळा कमी झाला, म्हणून त्याने हवा जास्त ओढली. सेन्सरने ४६ ग्रॅम मोजली. त्या हिशोबाने ईसीयूने अडीच ग्रॅम डिझेलला परवानगी दिली. पण समजा त्यातली १० ग्रॅम हवा चिरेतून बाहेर गेली, तर सिलिंडरला पोचली ३६. प्रमाण झालं १४ ला १. वरून माझा डबा! हा डबा रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसून 'दाब कमी आहे हो' असं खोटंच सांगतो, म्हणजे ईसीयू दाब आणखी वाढवतो आणि डिझेल आणखी जास्त जातं. त्या जास्तीच्या डिझेलने टर्बोही जास्त दाब देत होता आणि त्यातच म्हातारा होज फाटला असणार. थोडक्यात काय, मी ज्या आकड्याचा स्क्रीनशॉट फिरवत होतो, तो आकडा गळतीचा होता.

कात्रजकरांना हे सांगायला सोपं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नळ बांधून पाणी नेलं. आता कोणी तलावापाशी बसून किती पाणी सोडलं ते मोजलं आणि मधे कुठेतरी नळ फुटला असला, तर वहीत पाणी भरपूर आणि हौदावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. सोडलेलं पाणी वेगळं, पोचलेलं पाणी वेगळं.

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय. गाडीची ताकद वाढवायची हौस असेल तर जरूर करा, पण सेन्सर आणि ईसीयूच्या मधे खोटं बोलणारा डबा बसवू नका. आपण कोणी प्रॉडक्शनमध्ये सर्व्हर तापला म्हणून मॉनिटरिंगचा आकडा हाताने कमी करतो का? इथे आपण पैसे देऊन तेच करतो. डिझेल निदान काळा धूर काढून बोंब तरी मारतं. हल्लीच्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये तर हे जास्त वाईट आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्या एअरफ्लो सेन्सरऐवजी मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान बघून हवा किती आली ते काढतात. डब्याने दाब कमी सांगितला की टर्बो जास्त हवा कोंबतो आणि ईसीयू पेट्रोल मात्र त्या कमी दाबाच्या हिशोबाने देऊ शकतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, मग नॉकिंग आणि नशीब फुटकं असेल तर पिस्टनला भोक. तिथे आरशात काही दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, कंपन्या मुद्दाम ताकद राखून ठेवतात. ठेवतात ना! पण ती राखीव जागा मे महिन्यातल्या विदर्भासाठी, लेहच्या विरळ हवेसाठी, भेसळीच्या डिझेलसाठी आणि दहा वर्षांनी म्हाताऱ्या होणाऱ्या होजसाठी असते. दुसरं म्हणजे, 'पीयूसी पास झाली' हे उत्तर मला देऊ नका. डिझेलची ती चाचणी गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस देऊन होते. पाच माणसं आणि सामान भरून घाट चढणारं इंजिन तिथे कोणी बघत नाही.

चांगला रिमॅप होतच नाही असं नाही. जो ट्यूनर आधी तुमच्याकडे लॉग मागतो, गळती तपासतो, गाडी डायनोवर चढवतो आणि ईसीयूतला नकाशाच बदलतो, तो सेन्सरचं तोंड दाबत नाही. त्यातही वॉरंटी आणि धुराची जबाबदारी आपली, हे लक्षात ठेवा. पण त्याच्याकडे जायच्या आधी एवढं करा. एअर फिल्टर बदला. टर्बोपासून इंजिनपर्यंतचे सगळे होज आणि क्लिपा बघा, ऑइलचा ओला डाग दिसला तर तिथेच थांबा. सेन्सरवर धूळ बसली की तो हवा कमी सांगतो आणि गाडी मरगळते, तेव्हा त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच तो साफ करा. बोट, ब्रश, कार्ब्युरेटर क्लीनर अजिबात नको. मग लॉग काढा, आणि मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या. निम्म्या लोकांचं 'पिकअप नाही' हे दुखणं इथेच संपेल असा माझा अंदाज आहे.

माझं तरी संपलं. डबा काढला, नवा होज टाकला. होज आणि मजुरी मिळून खर्च डब्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तोच घाट, तोच गिअर, तेच २००० आरपीएम. आकडा ४१. ४६ ला जेवढी ओढत होती त्यापेक्षा जास्त ओढते. बोगद्यापर्यंत मी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होतो. मागे एक स्कूटर होती, स्वच्छ दिसत होती.

असो. तो डबा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. एकाने विकत मागितला. नाही म्हटलं.