शेवटची बोट कितीला?

मुंबईचं शांघाय होणार, हे आपण किती वर्षं ऐकतोय? २००४ मध्ये तर पंतप्रधान मनमोहन सिंग म्हणाले होते, लोक शांघायला विसरतील अशी मुंबई घडवू. मुंबईचं व्हायचं ते होवो मंडळी, ओरिजिनल शांघाय बघून यायला काय हरकत आहे? २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानंही ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालीत.

आमचं ठरलंय. त्याचं ऑडिट आणि माझी टार्गेट्स यातून वाचलेले मोजून तीन दिवस! लग्नाला चार वर्षं झाली, पण दोघांची रजा एकाच वेळी मंजूर व्हायची ही पहिलीच वेळ. मग काय, साहेबांनी एक्सेल शीट उघडली. तीन दिवस, एकोणीस ठिकाणं!

त्या वीकएण्डला आम्ही मांडव्याला मावशीकडे होतो. तिने चष्मा लावून लॅपटॉप बघितला आणि एवढंच विचारलं, ‘‘अहो जावईबापू, शेवटची बोट कितीला?’’

मांडव्याच्या माणसाचं प्लॅनिंग इथूनच सुरू होतं. मुंबई समोर दिसते, पण मध्ये तासाभराचं पाणी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद. २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो आलीय, तरी मावशीची सवय तीच. एका फेरीत मुंबईचा एकच भाग. क्रॉफर्ड मार्केट केलं की दादर पुढच्या वेळी. आणि धावाधाव न करता चहा प्यायला वेळ ठेवायचाच.

हे सूत्र शांघायला फिट्ट बसतं! तिथेही हुआंगपू नदीचे दोन काठ. पश्चिमेला बंड, म्हणजे जुन्या दगडी इमारतींचा रस्ता, पूर्वेला पुडाँगचे टॉवर्स. एका काठाला एक दिवस. तिसरा दिवस जुन्या शहरासाठी, युयुआन बागेसाठी आणि नुसतं भटकण्यासाठी. नदी ओलांडायला साधी फेरीबोट आहे, तिकीट दोन युआनच्या आसपास. महागड्या क्रूझचे पैसे वाचले! ‘शेवटची बोट’ तिथेही आहेच. बंडवरची रोषणाई दहाच्या सुमारास मालवते आणि बऱ्याच मेट्रो लाइन्स साडेदहा-अकराच्या दरम्यान आटोपतात.

बंडवर हिरव्या टोकदार छपराची एक इमारत दिसेल, ती १९२९ मध्ये व्हिक्टर ससूनने उभारली. आज ते पीस हॉटेल. कुलाब्याचा १८७५ चा ससून डॉक याच घराण्याचा. कापूस आणि अफूच्या व्यापारातला पैसा मुंबईहून शांघायपर्यंत पोचला होता. काकांची बोट ससून डॉकला लागायची, त्यामुळे हे ऐकून मावशी खूश. ‘‘म्हणजे आपलीच माणसं की!’’

आता घरूनच उरकायची कामं. व्हिसा आधीच काढा. १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा टाळा, सगळा चीन तेव्हा फिरायला निघतो. अलीपे किंवा वीचॅटला इथूनच आपलं इंटरनॅशनल कार्ड जोडा, कारण तिथे भाजीवालासुद्धा फोनवरच पैसे घेतो. गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या नेटवर बंद. आपल्या सिमच्या रोमिंगवर सहसा चालतात, तरी भाषांतराचं अ‍ॅप ऑफलाइन उतरवून ठेवा. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये हवाच. शाकाहारी असाल तर ‘मी मांस-मासे खात नाही’ हेही. आणि हो, विमानतळावरून मॅगलेव्ह घ्या. तीस किलोमीटर साधारण आठ मिनिटांत! पण ती लाँगयांग रोडपर्यंतच नेते, पुढे मेट्रो पकडायची.

आमच्या शीटवर आता सहा ठिकाणं उरलीत. तेरा गेली म्हणून साहेब दोन दिवस रुसले होते. पण खरं सांगू? चार वर्षांनी मिळालेले तीन दिवस तिकिटांच्या रांगेत घालवायचे, की फेरीबोटीच्या कठड्याला टेकून एकमेकांशी बोलण्यात? मी दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ पूर्ण कोरी ठेवलीय. तुम्हीही ठेवा!