राखणीचा कुत्रा : अल्सेशियन की कारवानी ?

शेतावरील वस्तीचा जुना कुत्रा मेला म्हणजे काही दिवस घराला सुतकी कळा येते. पुढे एखाद्या रात्री गोठ्याकडे चाहूल लागते, भुंकणारे कोणी नाही हे ध्यानात येते, आणि मग दुसऱ्या कुत्र्याचा शोध सुरू होतो. अशा वेळी शेतकरी बंधू बहुधा दोन नावे घेऊन आमच्याकडे येतात : अल्सेशियन आणि कारवानी. या दोहोंतून निवड कशी करावी, याविषयीचे माझे मत येथे मांडीत आहे. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे ते बनले आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका शेतकऱ्याने मला हाच प्रश्न विचारला होता. पोलीस दलातील अल्सेशियन मी पाहिले होते व त्यांची शिस्त माझ्या मनावर ठसली होती. शेतावर सावली किती, कुत्र्यास शिकविण्याची सवड कोणाला, याची चौकशी न करताच मी "अल्सेशियन घ्या" असे सांगून टाकले. जमिनीची खोली न पाहता मी कोणाला उसाची शिफारस केली नसती. येथे मात्र तेच केले. पिल्लू वाढले, देखणे झाले. दुसऱ्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या आडोशाला साखळीने बांधलेल्या त्या कुत्र्यास उष्माघात झाला आणि पशुवैद्य पोहोचण्यापूर्वीच त्याने प्राण सोडला. शेतकऱ्याने मला दोष दिला नाही. त्यांचा लहान मुलगा मात्र त्यानंतर माझ्याशी बोलला नाही.

यात जातीचा दोष नव्हता. अल्सेशियन हा मूळचा जर्मनीतील मेंढपाळांचा कुत्रा. माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातील माजी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १८९९ साली या जातीची संघटना स्थापन झाली व पद्धतशीर पैदाशीस आरंभ झाला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन नाव नकोसे झाल्यामुळे त्यास 'अल्सेशियन' म्हणू लागले. नाक तीक्ष्ण, बुद्धी तल्लख, धन्याची आज्ञा पाळण्याची हौस मोठी. परंतु अंगावर थंड हवेस साजेसे दुहेरी केसांचे आवरण असते. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे वैशाखातील उन्हात या जातीचे हाल होतात आणि दाट केसांत लपलेले गोचीड लवकर दिसत नाहीत. पूर्ण वाढलेला नर ३० ते ४० किलो वजनाचा असतो, तेव्हा खाणेही त्या मानाने लागते. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोषही या जातीत आढळतो.

कारवानी हा आपल्या दख्खनचा कुत्रा. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अशा तांड्यांबरोबर याचे पूर्वज इकडे आले, असे सांगतात. कर्नाटकातील मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या वंशाची जोपासना केली, म्हणून तिकडे त्यास मुधोळ हाउंड म्हणतात. भारतीय सेनेनेही २०१६ साली मुधोळ कुत्रे मेरठ येथे प्रशिक्षणासाठी नेले होते. अंग सडपातळ, केस आखूड, खांद्यापाशी उंची दोन फुटांहून थोडी अधिक. ऊन त्यास पुष्कळ सोसते आणि दूरवरची हालचाल तो चटकन टिपतो.

परंतु दोष न सांगता केवळ गुण सांगणे म्हणजे माझी जुनी चूक पुन्हा करणे होय. कारवानी हा नजरेने सावज टिपून धावणारा कुत्रा आहे. पळते जनावर दिसले की हाक ऐकू न आल्यासारखा तो धावत सुटतो. मग ते शेजाऱ्याचे कोकरू असले तरी त्यास समजत नाही. म्हणून लहानपणापासून त्यास शेळ्या-मेंढ्या व कोंबड्या यांच्यात वाढवावे. दिवसभर साखळीस जखडल्यास तो बिघडतो. त्यास रोज मोकळे धावणे हवे. ससा-हरणाच्या शिकारीसाठी मात्र तो कोणी पाळू नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

माझे मत असे : उघड्या रानातील वस्तीसाठी, जेथे कुत्र्यास धावण्यास कुंपणातील मोकळी जागा आहे, तेथे कारवानी घ्यावा. जेथे थंड, हवेशीर निवारा आहे, रोज तासभर शिकविणारे माणूस आहे व पशुवैद्यकीय दवाखाना जवळ आहे, तेथे अल्सेशियन जरूर घ्यावा. यांपैकी काहीच नसेल, तर गावातील चांगल्या कुत्रीचे पिल्लू या दोहोंपेक्षा अधिक उपयोगी पडेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती की, सल्ला देण्यापूर्वी एकदा वस्तीवर जाऊन यावे. पिल्लू घेताना त्याची आई पाहावी. दोन महिन्यांच्या आत ते आईपासून तोडू नये. तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचावी व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती नियमित द्यावी. कांदा-लसूण घातलेले कालवण व शिजविलेली हाडे देऊ नयेत. बिबट्याचा वावर असलेल्या भागात कुत्रा रात्री बाहेर बांधून ठेवणे म्हणजे बिबट्यास वस्तीवर बोलावणेच होय. त्यास बंदिस्त जागेतच ठेवावे. तेथूनही तो भुंकून जागे करील.

चांगला सांभाळल्यास कुत्रा दहा-बारा वर्षे सोबत करतो. इतक्या वर्षांच्या सोबत्याची निवड रुबाब पाहून करू नये. आपल्या वस्तीवर त्यास काय काम आहे आणि आपण त्यास काय देऊ शकतो, हे दोन प्रश्न आधी स्वतःस विचारावेत. मी ते विचारले असते, तर त्या मुलाचा कुत्रा आज जिवंत असता.