ओसरीवरून : मोडलेल्या परिक्रमेची गोष्ट

गेल्या महिन्यांत एका भगिनीचें पत्र आलें. त्यांचे यजमान लौकरच सेवानिवृत्त होत असून नर्मदेची परिक्रमा पायीं करण्याचा त्यांचा निश्चय आहे. आपणहि बरोबर जावें असें या बाईंना फार वाटतें. परंतु बायकामाणसानें मागें लागून पुरुषाच्या व्रतांत व्यत्यय आणूं नये, असें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचें म्हणणें आहे. ‘आपण सपत्नीक जाऊन आलां आहांत, तर आपला अनुभव काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे. खासगी उत्तर धाडून मोकळें होतां आलें असतें. परंतु हा प्रश्न अनेक घरांतून निघत असावा, म्हणून उत्तर येथेंच देत आहें. त्यांत माझ्या स्वतःच्या कांहीं गोष्टी सांगाव्या लागतील, आणि त्या सर्वच मला भूषणावह नाहींत.

ज्यांस माहिती नसेल त्यांच्याकरितां आधीं दोन शब्द. नर्मदा अमरकंटकास उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भडोचच्या पुढें समुद्रास मिळते. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरूनहि ती सुमारें ५४ किलोमीटर वाहते. नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची, तिचें पात्र कोठेंहि ओलांडावयाचें नाहीं, आणि दोन्ही तटांनीं चालून जेथून निघालों तेथेंच परत यावयाचें, ही परिक्रमा. चाल २६०० किलोमीटरांच्या घरांत जाते. समुद्रसंगमावर मात्र दक्षिण तटावरील विमलेश्वराहून उत्तर तटावरील मिठी तलाईस नावेनें जातात; ती नाव भरतीची वेळ पाहून सुटते. परंपरेनें सांगितलेला काळ तीन वर्षें, तीन महिने, तेरा दिवसांचा आहे, व त्यांत चातुर्मास एके ठिकाणीं राहून काढावयाचा असतो. हल्लीं पुष्कळ लोक चातुर्मास संपल्यावर निघून पुढल्या पावसाळ्याच्या आंत परत येतात. जुनी वाटहि आतां सर्वत्र राहिलेली नाहीं. सरदार सरोवराचें धरण १३८.६८ मीटर उंचीचें होऊन २०१७ सालीं त्याचें लोकार्पण झालें. त्याच्या पाण्याखालीं शूलपाणेश्वराचें जुनें देवालय आणि अनेक गांवें गेलीं आहेत.

आम्ही दोघें २०२२ च्या कार्तिकांत ओंकारेश्वराहून निघालों. माझें वय तेव्हां ६३, हिचें ५९. घरून निघतांना धाकट्या बंधूंनीं प्रवासाचा तक्ता करून दिला, वहिनींनीं मेतकुटाची पुडी बांधून दिली, आणि सूनबाईंनीं सासूच्या पिशवींत गुडघ्यांचें तेल घातलें. माझ्या मनांत मात्र एक गोष्ट पक्की होती : व्रत माझें आहे, आणि ही माझ्या सोबतीस येत आहे.

पहिले पांच दिवस मी पुढें व ही मागें, अशी आमची चाल होती. चाळीस वर्षें मंडईंत, देवळांत, लग्नकार्यांत आम्ही असेंच चालत आलों होतों, त्यामुळें त्यांत कांहीं वावगें आहे हें मनांतहि आलें नाहीं. मी झपझप पुढें जाऊन एखाद्या झाडाखालीं हिची वाट पाहत बसें, आणि ही येऊन पोंचली कीं उठून चालूं लागें. सहाव्या दिवशीं ही शांतपणें म्हणाली, “अहो, मी येईपर्यंत तुम्ही बसतां, आणि मी आलें कीं उठतां. मग मीं बसावें केव्हां?”

मुलांना काळ-काम-वेगाचीं उदाहरणें घालण्यांत माझा जन्म गेला; पण हें उदाहरण मला कधीं सुटलें नव्हतें. त्या दिवसापासून ही पुढें आणि मी मागें. रोजची चाल एक-दोन कोसांनीं कमी झाली खरी, परंतु मुक्कामास पोंचतांना दोघांच्याहि अंगांत त्राण उरूं लागलें. विवाहांत सप्तपदीचीं सात पावलें आम्ही बरोबर चाललों होतों. आठवें पाऊल त्यानंतर चाळीस वर्षांनीं पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरी गोष्ट सदावर्ताची. नर्मदेच्या तटांवर परिक्रमावासीयास शिधा देण्याची जुनी चाल आहे. ज्यांच्या स्वतःच्या घरीं उद्यांचें पीठ असेल कीं नाहीं अशी शंका यावी, तीं माणसेंहि “नर्मदे हर” म्हणून पुढें येतात आणि पसाभर कणीक व डाळ पदरांत घालतात. पुरुषास ‘बाबाजी’, स्त्रीस ‘माताराम’ म्हणतात. नांव-गांव-जात मागाहून, विचारलीच तर. जन्मभर मीं कोणापुढें हात पसरला नाहीं, याचा मला अभिमान होता. म्हणून दारीं जाऊन शिधा आणावयाचें काम आपोआप हिच्याकडे गेलें, आणि टिक्कड भाजून ताटांत येई तें मी स्वाभिमान अबाधित ठेवून खात असें.

समुद्र ओलांडून उत्तर तटानें परत फिरल्यावर गरुडेश्वर लागलें. तेथें श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, यांची समाधि आहे. माणगांवचे हे सत्पुरुष १९१४ सालीं तेथें समाधिस्थ झाले, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु संन्यास घेण्यापूर्वीं त्यांनीं जो प्रवास केला, त्यांत त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई त्यांच्याबरोबर होत्या, आणि १८९१ सालीं गंगाखेडास त्यांचा अंत झाल्यावरच स्वामींनीं संन्यास घेतला, हें फारसें कोणी सांगत नाहीं. त्या संध्याकाळीं समाधीपुढें बसलों असतां ही म्हणाली, “त्या बाईंची समाधि कुणी बांधली असेल का हो?” मला उत्तर देतां आलें नाहीं.

महेश्वर ओलांडून चार दिवस झाले होते. एका खेड्यांत हिला थंडी वाजून ताप भरला. एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईनें आपल्या पडवींत आम्हांस जागा दिली. त्या दिवशीं शिधा आणावयास दुसरें कोणी नव्हतें. मी झोळी घेऊन निघालों. पहिल्या दारापाशीं उभा राहिलों, पण तोंडांतून शब्द निघेना. आंतून एक सून बाहेर आली. मजकडे पाहून तिनें एवढेंच विचारलें, “माताराम कहाँ हैं, बाबाजी?” ती आजारी आहे असें सांगतांच पिठाबरोबर दूध आलें, आणि घटकाभरानें तीच मुलगी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवण्यास पडवींत येऊन बसली. स्वाभिमान म्हणून जें मीं इतकीं वर्षें जपलें, त्यांत दुसऱ्याचें ऋण मान्य न करण्याचा भाग किती होता, हें मला त्या दिवशीं कळलें.

तिसऱ्या दिवशीं ताप चढून ही बरळूं लागली. गांवांत आलेला तरुण डॉक्टर म्हणाला कीं हिला ताबडतोब रुग्णालयांत न्या; जवळचें रुग्णालय पुलापलीकडे, दक्षिण तटावर आहे; या तटानें जावयाचें तर रस्ता वाईट असून वेळ फार लागेल. पूल ओलांडला कीं परिक्रमा खंडित झाली. वाचकहो, येथें मला खरें सांगितलेंच पाहिजे. मी तत्काळ ‘चला’ म्हणालों नाहीं. बरीच चाल झाली होती. मी उभा राहून कांहीं वेळ विचार करीत होतों, आणि तो डॉक्टर माझ्या तोंडाकडे पाहत होता. ज्या म्हातारीच्या पडवींत आम्ही होतों ती पुढें झाली. आमची नर्मदाजलाची कुपी तिनें उचलली, आपल्या देवाच्या कोनाड्यांत ठेवली, आणि जीपवाल्यास हांक मारली. निर्णय तिनें घेतला, मीं नव्हे. आजहि तो प्रसंग आठवला कीं मी मान खालीं घालतों.

मलेरिया निघाला. नऊ दिवस आम्ही पलीकडल्या तटावर होतों. उठून बसतां येऊं लागल्यावर हिनें पहिला प्रश्न केला, “कुपी कुठें आहे?” मीं सांगितलें, आणि आतां घरीं जाऊं असेंहि म्हटलें. ही म्हणाली, “व्रत मोडलें तें मोडलें. पण माई कांहीं मोडली नाहीं. त्याच गांवीं परत जाऊं, आणि मोडलें असें सांगूनच पुढें चालूं.”

तसेंच केलें. त्या पडवींतून कुपी घेतली, आणि जेथें पाऊल थांबलें होतें तेथूनच उचललें. वाटेंत कित्येक भल्या माणसांनीं आमचें समाधान केलें कीं कुपी तर त्याच तटावर राहिली, म्हणून परिक्रमा अखंडच आहे. युक्तिवाद गोड होता. परंतु मुलाच्या उत्तरपत्रिकेंत असा युक्तिवाद मीं कधीं चालूं दिला नसता. अमरकंटकाचा वळसा घालून, दक्षिण तटानें ओंकारेश्वरास आलों, जल वाहिलें, आणि उपाध्यायांस खरें तें सांगितलें. घरीं मावंद्याच्या निमंत्रणांत बंधूंनीं ‘परिक्रमा यथासांग पूर्ण करून’ असें छापण्यास दिलें होतें. तें मीं स्वहस्तें खोडून ‘नर्मदातटाकीं चालून आल्यानिमित्त’ असें केलें. कांहीं आप्तांनीं भुंवया उंचावल्या. ही मात्र पुरणाला बसली होती. तिनें वर पाहून नुसतें “बरें केलेंत” म्हटलें.

आतां त्या भगिनींस उत्तर. पाणिनीनें ‘पत्नी’ हा शब्द यज्ञाच्या संबंधानेंच साधला आहे; तेव्हां पत्नी म्हणजे धर्मकार्यांतील विघ्न, ही समजूत शास्त्राची नव्हे, आपल्या सोयीची आहे. आपण अवश्य जावें. मात्र निघण्यापूर्वीं दोन गोष्टी यजमानांशीं बोलून घ्याव्या. एक, वाटेंत पुढें आपण चालावें, मागें त्यांनीं. दुसरी, दोघांपैकीं कोणाचाहि जीव संकटांत आला तर व्रत मोडावयाचें, हें घरींच ठरवावें. पुलापाशीं उभें राहून ठरवूं नये. आणि शिधा मागण्याची पाळी एक दिवसाआड त्यांचीहि असावी.

वडीलधाऱ्या मंडळींस हा अंक वाचावयास द्यावा. नर्मदे हर.