‘नाही’च्या रकान्यातल्या बायका

“मैं क्या बोलती आपा, सुसरे सामनेच बैठे थे.” माझ्या उर्दू शाळेतल्या एका मुलीची अम्मी सांगत होती. काही वर्षांपूर्वीच्या एका पाहणीत तिला विचारले गेले, अंगावरून पांढरे जाते का? तिने मान हलवली. कागदावर ‘नाही’ उमटले. त्रास अंगावर राहिला.

हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ रोजी संजीवनी अभियान सुरू झाले. २,९२,९९६ महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली. १४,५४२ जणींत कर्करोगासारखी लक्षणे दिसली. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत हे आकडे सांगितले, तेव्हा प्रत्यक्ष निदान झालेले रुग्ण बारा होते: गर्भाशयमुखाचे ३, स्तनाचा १, तोंडाचे ८. एवढे मोठे काम झाले, त्याचे स्वागतच आहे. पण माझा प्रश्न ‘किती’चा नाही, ‘कोण’चा आहे. लक्षण सांगितलेली बाई तपासणीपर्यंत पोचली का? वाटेत गळली ती कोण? मोहल्ल्यातली, तांड्यावरची, की ऊसतोडीला गेलेली?

उपाय सापडायचा आहे, असे नाही. मराठवाड्यातल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आणि पुढच्या उपचाराने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हे २००९ साली जगाला कळले. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटात ६४ बायका या रोगाने गेल्या. इतकी किंमत देऊन मिळालेले ज्ञान गरिबाच्या दारी कसे पोचवायचे, हेच आता संशोधन. त्यात समन्याय शेवटी शिंपडायचा नसतो, पहिल्या कागदापासून पेरायचा असतो.

म्हणून प्रश्नावली उर्दूतही हवी. प्रश्न एकांतात, बाईने बाईला विचारावेत. तपासणीचा दिवस मजुरी बुडवणारा नसावा. आणि प्रत्येक टप्प्यावर कोणत्या वस्तीतल्या किती जणी गळल्या, ते जाहीर व्हावे.

पण सारा दोष सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. स्त्री-डॉक्टर असली तर पडदा तपासणीच्या आड येत नाही. आड येतो तो दारात बसलेला पुरुष. भाईजान, पुढच्या वेळी आशाताई आली, की तेवढा वेळ जरा बाहेर जाऊन बसा. तुमच्या उठण्याने एका ‘नाही’चे ‘हो’ होईल, आणि कदाचित एक अम्मी वाचेल.