टर्फचं भाडं आणि पोराचं करिअर



खोपटला एसटी स्टँडपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आमची अभ्यासिका चालते. गेल्या महिन्यात तिथे बारावीतला एक मुलगा आला. पुस्तक उघडलं नाही, सरळ विचारलं, "दादा, फुटसलमध्ये करिअर होतं का?" वडील एसटीत कंडक्टर. २०२१-२२ च्या संपात या घराने बिनपगाराचे महिने काढले आहेत, त्यामुळे तिथे करिअर हा शब्द कुणी हौसेने उच्चारत नाही. सोबत आई होती. आमच्या तोंडून 'नाही' ऐकवावं म्हणूनच तिने त्याला आणलं होतं.

आम्ही लगेच 'नाही' म्हटलं नाही. तिला ते रुचलं नाही, पण चहा पिऊन गेली.

फुटसल म्हणजे बंदिस्त जागेतला पाच-पाच जणांचा फुटबॉल. १९३० साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने तो सुरू केला. चाळीस मीटर बाय वीस मीटरचं टणक मैदान, कमी उसळणारा चेंडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं. ज्यांच्या वाट्याला कधी मोठं मैदानच आलं नाही, त्यांच्यासाठी जणू मापून काढलेला खेळ. हा मुलगा खेळतोही तसाच. दोघांच्या मधून तळव्याने चेंडू ओढून नेतो. आम्ही पाहिलंय.

आपल्या चळवळीत अशा पोराला द्यायचं उत्तर ठरलेलं असतं: "आधी शिक, एमपीएससी दे, खेळ नंतर." आम्हीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. बाबासाहेबांनी शिक्षणावर भर दिला, याचा अर्थ आपल्या पोरांनी शरीर वापरायचं ते फक्त हमालीला आणि भरतीच्या धावण्याला, असा आपण परस्पर लावून टाकला. दुसरीकडे १४ एप्रिलला टूर्नामेंट घ्यायची, ट्रॉफीवर नगरसेवकाचं नाव छापायचं, जिंकलेल्या पोराला खांद्यावर घेऊन फोटो काढायचा. १५ एप्रिलला तो पोरगा कुठे जातो, हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून या वेळी हिशोब मांडायला बसलो.

२०१६ मध्ये आपल्याकडे प्रीमियर फुटसल नावाची लीग आली. गोव्याच्या संघात रोनाल्डिन्हो, मुंबईच्या संघात रायन गिग्ज, बंगळुरूकडे पॉल स्कोल्स, चेन्नईकडे फुटसलचा बादशहा ब्राझीलचा फाल्काव. चेन्नई आणि गोव्यात दहा-बारा दिवसांचा झगमगाट झाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपली मान्यता नसल्याचं जाहीर केलं. २०१७ ला दुसरा हंगाम झाला आणि लीग आटोपली. जगभरातून निवृत्त झालेल्या ताऱ्यांना पैसे मिळाले. भारतीय पोरांच्या पदरी पडले सेल्फी. महासंघाने स्वतःची क्लब स्पर्धा २०२१ मध्ये सुरू केली, दिल्लीत. भारताचा पुरुष संघ आशियाई पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला तो २०२३ मध्ये. पण क्लब स्पर्धा चालते वर्षातले मोजके दिवस. उरलेले महिने त्या खेळाडूच्या घरात चूल कशावर पेटते, याचं उत्तर या रचनेत नाही.

अमेरिकेतही भिंती लावलेल्या मैदानावरची इनडोअर सॉकर लीग १९७८ मध्ये निघाली आणि १९९२ मध्ये बंद पडली. तिथे निदान चौदा वर्षं निघाली, त्यात एखाद्याची खेळाडू म्हणून उमेद तरी संपली असेल. आपल्याकडे दोन हंगाम!

आपल्या जवळचं उदाहरण नागपूरचं. विजय बारसे सरांचं स्लम सॉकर, ज्यावर नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ मध्ये आला. तो सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्यातल्या जयंतीच्या दृश्यावर शिट्ट्याही वाजवल्यात. त्या पोरांची झेप होमलेस वर्ल्ड कपपर्यंत गेली. चार-चार जणांचा, छोट्या मैदानावरचा, सात-सात मिनिटांचा खेळ. त्या स्पर्धेचा एक नियम मात्र चर्चेत येत नाही. खेळाडूला ती आयुष्यात एकदाच खेळता येते. जास्तीत जास्त लोकांना संधी मिळावी हा हेतू चांगला आहे, त्यावर आमचा आक्षेप नाही. पण जो परत आला त्याच्यासाठी पुढची पायरी इथल्या व्यवस्थेने बांधलेली नसते. संस्थेने स्वतःहून काहींना प्रशिक्षक केलं, म्हणून ते टिकले.

मग खेळावर पोट भरणारे आपले लोक कधी झालेच नाहीत का? झाले. बाळू पालवणकर आठवा. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची देखभाल करायचा आणि नेट्समध्ये साहेबांना गोलंदाजी टाकायचा. बॅट हाती घेणं हे साहेबाचं काम. हिंदू संघाला तो हवा होता, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येईना. मैदानात त्याने हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरहून अधिक बळी घेतले, तरी कर्णधारपद कधी मिळालं नाही. बाबासाहेबांना त्याचा अभिमान होता. पुढे राजकीय मतभेद झाले, १९३७ च्या निवडणुकीत बाळू त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि हरला. ते आपण लपवू नये. पण इथे मुद्दा वेगळा आहे. बाळूचं घर टिकलं त्यात रेल्वेतल्या नोकरीचा वाटा होता. मुंबईचा फुटबॉलही पुढे असाच चालला: रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा. कंपनीचा संघ म्हणजे महिन्याचा पगार. २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाला. फुटसलच्या तर नशिबी असा पगारी संघ आलाच नाही.

राहिलं सरकार. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. आमच्या मुलाची सगळी आशा त्यावर होती. त्याने फाईल उघडून 'राष्ट्रीय' स्पर्धेची दोन प्रमाणपत्रं दाखवली. एका संस्थेने प्रवास आणि प्रवेश फी धरून घरच्यांकडून साडेचार हजार घेतले होते. प्रमाणपत्र जाड कागदाचं, सोनेरी किनारीचं. आम्ही चौकशी केली. पडताळणीत ते ग्राह्य धरलं जाणार नाही. फुटसलवर हक्क सांगणाऱ्या संघटना एकाहून जास्त आहेत आणि कुणाची स्पर्धा मान्य, हे पोराच्या बापाला कळायला मार्ग नाही. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांनी या आरक्षणाची आधीच बदनामी केलीय. तिथे सगळं जाणून लबाडी झाली, इथे अजाण पोरं फसतात. तेव्हा वस्तीतल्या कार्यकर्त्यांनो, पोराला स्पर्धेला पाठवण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जा, ही स्पर्धा ५ टक्क्यांत धरतात का ते विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आता टर्फ. ठाण्यात जिकडेतिकडे हिरव्या जाळ्या दिसतात. भाडं तासाला हजाराच्या आसपास, शनिवार-रविवारी त्याहून वर. दहा पोरांनी शंभर-शंभर काढायचे. ज्याच्याकडे नसतात तो बाहेर उभा राहून जाळीतून बघतो. संविधानाच्या कलम १५(२) ने सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्ते, दुकानं, करमणुकीच्या जागा जातीच्या कारणावरून कुणालाही बंद ठेवायच्या नाहीत असं सांगितलं. टर्फच्या दारावर जातीचा फलक नाही, दरपत्रक आहे. त्यामुळे कलम लागू होत नाही, आणि आत-बाहेरची माणसं मात्र बऱ्याचदा तीच राहतात.

गंमत अशी की टर्फवरचा खेळ फुटसलही नव्हे. फुटसलला गवत चालत नाही, टणक जमीन आणि सपाट तळव्याचे बूट लागतात. आमच्या विहारासमोरचा सिमेंटचा चौक त्या महागड्या टर्फपेक्षा खऱ्या खेळाच्या जवळचा आहे! हँडबॉलचं मैदानही चाळीस बाय वीसचंच असतं. म्हणजे महापालिकेने शाळांच्या आवारात एक टणक मैदान आखून दिलं, तर दोन खेळ चालतील आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलीही तिथे येतील. टर्फच्या रात्री दहाच्या स्लॉटला त्यांना कोण पाठवणार?

आम्ही दोन अर्ज केलेत. एक माहितीच्या अधिकारात: प्रभागातले किती टर्फ खेळाच्या मैदानासाठी राखीव भूखंडांवर आहेत, भाडेकरार कुणाशी, किती वर्षांचा. दुसरा महापालिकेकडे, शाळेचं पटांगण संध्याकाळी सहा ते नऊ उघडं ठेवण्याचा. दुसऱ्या अर्जासोबत नकाशा जोडायचा होता. तो मुलगा मीटरपट्टी घेऊन गेला आणि पटांगण मोजून आला: अडतीस बाय एकोणीस. दोन मीटर कमी पडतात, पण चालेल म्हणाला.

त्याच्या आईला आम्ही खरं ते सांगितलं. आज या देशात फुटसलवर घर चालत नाही. मुलाला बी.ए.ला घाला, पोलीस भरतीचं मैदानही करू द्या, आणि फुटसल बंद करू नका. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग अर्जाची पोच मागून घेतली, तारीख वाचली आणि म्हणाली, "तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील मी करीन. कुठे करायचं, तेवढं सांगून ठेवा."