एंटर, एंटर, एंटर... आणि झाला म्हणे बॅकअप!

मंडळी, राउटरचा बॅकअप घेणाऱ्या आपल्याच जमातीवर आज जरा तोंडसुख घ्यायचंय. शनिवार आहे, आणि आठवडाभराचा राग साचलाय.

सिस्कोच्या राउटरवरून कॉन्फिगरेशन बाहेर पाठवायची जुनी कमांड सगळ्यांना पाठ असते: कॉपी, रनिंग-कॉन्फिग, टीएफटीपी. राउटर विचारतो, पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता काय? तो आपण देतो, कारण दिल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. मग विचारतो, तिकडे फाइलचं नाव काय ठेवू? आणि कंसात स्वतःच एक नाव सुचवतो: होस्टनेम आणि पुढे 'कॉन्फ्ग'. इथे आपण डोळे मिटून एंटर मारतो.

आता ज्या राउटरांचं होस्टनेम कुणी बदललंच नाही, ते सगळे 'राउटर' याच नावाने नांदत असतात. म्हणजे सुचवलेलं नावही सगळ्यांचं एकच. सकाळी वर्ध्याचा बॅकअप, दुपारी त्याच फाइलवर भंडाऱ्याचा, संध्याकाळी गोंदियाचा. एक्सेलमध्ये तीन हिरवे चौकोन, सर्व्हरवर फाइल एक! थट्टा नाही करत. एका ग्राहकाकडे हे डोळ्यांनी पाहिलंय, ऐन मे महिन्यात, भंडाऱ्याचा राउटर उन्हाने मेल्यावर. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणे, "बॅकअप तर रोज घेऊन राहिलो ना सर!" घेऊन राहिला होता, खरंच. गोंदियाचा. भंडाऱ्याची माणसं मात्र पूर्ण दिवस हाताने पावत्या फाडत बसली.

दुसरी जमात जास्त हुशार. ती कॉपी त्याच राउटरच्या फ्लॅशमध्ये ठेवते. चुकलेला बदल मागे घ्यायला ती सोय छानच आहे, पण डबाच जळाला तर? तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच.

तिसरा घोळ अर्धवट पाथचा. नागपुरात 'पानठेल्याहून डावीकडे' असा पत्ता चालतो, कारण कोणता पानठेला ते दोघांनाही माहीत असतं. एफटीपीच्या यूआरएलमध्ये सर्व्हरच्या नावानंतरचा स्लॅश पाहून लोकांना वाटतं, पाथ रूटपासून सुरू झाला. नाही हो! १९९४ च्या आरएफसी १७३८ नुसार तो लॉगिननंतर तुम्ही ज्या डिरेक्टरीत उतरता तिथून मोजायचा असतो. रूटपासून हवा तर टक्क्याचं चिन्ह, २ आणि एफ असं लिहावं लागतं (काही ठिकाणी दोन स्लॅश चालतात). युजर बदलला की तोच पाथ वेगळ्या जागी जातो, आणि मग शोधत बसा. आपल्या शहरात झिरो माइलचा खांब उभा आहे. अंतर कुठून मोजतोय ते आधी सांगावं, हे निदान आपल्याला तरी कुणी शिकवायला नको.

आणि हे सगळं अजूनही टीएफटीपीवर कशासाठी? १९८० च्या सुमाराचा प्रोटोकॉल तो, ना लॉगिन ना पासवर्ड, फाइल उघडीच जाते. त्या फाइलमध्ये आपले पासवर्ड असतात. त्यातले 'टाइप ७' वाले उलगडायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.

"एवढा पाथ रोज टाइप करायला वेळ कुठाय?" हे कारण तर सांगूच नका. आयओएसमध्ये 'आर्काइव्ह' नावाची सोय कितीतरी वर्षांपासून आहे. तिच्या 'पाथ'मध्ये एससीपीचा पूर्ण पत्ता एकदाच लिहायचा: युजर, सर्व्हर, डिरेक्टरी, आणि शेवटी डॉलर-एच, डॉलर-टी. पहिल्याच्या जागी होस्टनेम येतं, दुसऱ्याच्या जागी तारीख-वेळ. जोडीला 'राइट-मेमरी' टाकलं की सेव्ह केल्यावर दरवेळी नवी प्रत तिकडे जाते. होस्टनेम तेवढं आधी ठेवा, बाप्पा!

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की चहाच्या आधी सर्व्हर उघडा आणि फाइली मोजा. मग राउटर मोजा. आकडे जुळले नाहीत तर तो फरक साहेबांना दाखवा, हिरव्या चौकोनांसकट.