आई-बाबांना वाळवंटात नेताय? आधी शौचालयाचं बघा

नोव्हेंबर ते मार्च हा दुबई, शारजा, अबुधाबीतल्या मराठी घरांत पाहुण्यांचा हंगाम. हवा बरी असते म्हणून आई-वडील, सासू-सासरे याच दिवसांत बोलावले जातात. बुर्ज खलिफा पाहून झाला की एका शनिवारी वाळवंटात रात्रभर मुक्काम ठरतो. निघण्याआधी बीपी-शुगर तपासायला आलेली ही मंडळी हमखास विचारतात, "डॉक्टर, मुलगा वाळवंटात नेणार म्हणतोय, चालेल ना?"

चालेल. माझा आक्षेप वाळवंटाला नाही, तिथली पहाट सत्तराव्या वर्षीही बघावीच. आक्षेप आहे तो यजमान मुलांच्या तयारीला. कोळसा, मॅरिनेट केलेलं चिकन, पनीर, स्पीकर, सगळं आठवणीनं घेतलं जातं. आई रात्री लघवीला कुठे जाणार, हे मात्र कोणी ठरवलेलं नसतं.

आणि आई ते विचारत नाही. ती दुपारपासून पाणी पिणंच बंद करते. हा प्रकार आपल्याकडे एसटीच्या प्रवासातही चालतो, पण वाळवंटात तो महाग पडतो. हवा कोरडी असते, घाम लगेच सुकतो, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळत नाही. वय वाढलं की तहानेची जाणीवही मंदावते. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी असेल, तर पाणी बाहेर जात राहतं आणि आत काहीच येत नाही. मग पहाटे उठताना चक्कर येते, उलटीसारखं होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून माझ्या मते सामानाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घडीची कमोड खुर्ची आणि तिच्याभोवती लावायचा छोटा तंबू हवा. नसेल जमत तर चांगलं शौचालय असलेला कॅम्प निवडा, किंवा संध्याकाळ वाळवंटात घालवून रात्री घरी या. रात्र तिथेच काढली पाहिजे असा काही नियम नाही.

(हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून आकडा घेऊनच निघावं. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. तसंच कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.)

रात्रीचं उठणं हा दुसरा धोका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणारे बाबा दोनदा तरी उठणार. या गोळीनं उभं राहताना बीपी एकदम उतरू शकतं. बाहेर अंधार, पायाखाली मऊ वाळू आणि तंबूचे ताणलेले दोर. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. त्यांची जागा दाराजवळ ठेवा, दोरांना चमकणारी पट्टी बांधा, उशाशी बॅटरी द्या. बसायला गालिचा-लोड छान दिसतो, पण गुडघे दुखणाऱ्यांना पाठीची आणि हाताची खुर्चीच हवी.

टेकड्यांवरून गाडी उसळवत नेण्याच्या खेळाबद्दल मी स्पष्टच बोलतो: साठीपुढच्या बायकांना त्या गाडीत बसवू नये. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होत जातात, आणि अशा एका आदळण्यानं मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतो. "मजा आली" म्हणून त्या हसतात, दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं. असं पाठदुखणं चार दिवस बाम चोळून अंगावर काढू नका, एक्स-रे काढा.

जेवणाच्या वेळेचंही तसंच. घरी आठला जेवणाऱ्या मधुमेही माणसानं ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळेला घेतलं, आणि निखारे पेटून ताट समोर यायला दहा वाजले, तर मधल्या वेळात साखर घसरते. घाम, थरथर, चिडचिड दिसली की "दमले असतील" म्हणू नका, आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या. पण माणूस नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका. गोळीची वेळ घड्याळाशी नव्हे, ताटाशी जुळवा. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नका, बर्फाला चिकटवूनही नको. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलेलं असतं.

थंडीची कल्पना आपल्या लोकांना नसते. जानेवारीत आतल्या वाळवंटात पारा रात्री 10 अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. म्हणून कोणी तरी प्रेमानं निखाऱ्यांची शेगडी तंबूत आणून ठेवतो. हे कधीही करू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. स्वेटर, कानटोपी, एक जादा पांघरूण, एवढ्यानं भागतं.

अर्थात, विचारलं तर आई-बाबा "आम्हाला काही होत नाही" असंच म्हणणार. लेकानं पैसे खर्च केलेत, सुट्टी काढली आहे, त्याचा विरस नको. म्हणून "जमेल का?" असं विचारूच नका. "रात्री किती वेळा उठता? खाली बसून उठता येतं का? कुठल्या गोळ्या, किती वाजता?" असं विचारा.

गोळ्यांची चौकशी तर तिकीट काढतानाच करा. पाठदुखीच्या गोळीत ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधात कोडीन, झोपेसाठी अल्प्राझोलॅम, ही आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. ती नेण्याआधी तिथली ऑनलाइन सरकारी परवानगी घ्यावी लागते. आणि मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर, मोबाइलला रेंज आहे तोवरच, नकाशावरचं ठिकाण घरी राहिलेल्या कोणाला तरी पाठवून ठेवा. रुग्णवाहिकेचा क्रमांक 998 आहे, पण वाळूत आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना सांगता आलं पाहिजे.